पडद्यावरचे मानसतज्ज्ञ : गिऱ्हाईक कोण, माल कोणता?

(बी. कॉम. द्वितीय वर्ष)

शरीराचे दुखणे माणूस चारचौघांत सांगतो; मनाचे दुखणे मात्र झाकून ठेवतो. ताप आला तर शेजारीणसुद्धा काढा करून आणते. परंतु घरातल्या कोणाला रात्र रात्र झोप लागत नाही, कोणी विनाकारण रडत बसते, ही गोष्ट उंबऱ्याबाहेर जाऊ नये म्हणून सारे घर धडपडते. आमच्या बेळगावात तर यासाठी दोन भाषांतले शब्द तयार आहेत. मराठीत 'वेडा' आणि कन्नडमध्ये 'हुच्च'. दोन्ही शब्द आजारापेक्षा शिवी म्हणूनच अधिक कानांवर पडतात.

असे असताना हेच झाकलेले दुखणे लक्षावधी प्रेक्षकांसमोर, झगझगीत दिव्यांखाली उघडे करण्याचा एक मोठा उद्योग परदेशांत उभा राहिला. समोर ख्यातनाम 'डॉक्टर' बसलेले असतात. तासाभराच्या कार्यक्रमात ते निदान करतात, कानउघाडणी करतात आणि उपायही सांगतात. मधून मधून जाहिराती होतात. पूर्वी हा प्रकार परदेशी वाहिन्यांपुरता होता. आज त्याचे तुकडे वसतिगृहातील प्रत्येक मोबाईलवर येऊन पोहोचतात. ते पाहून आपणही मित्राला 'टॉक्सिक' आणि वडिलांना 'नार्सिसिस्ट' अशी नावे बिनदिक्कत ठेवू लागलो आहोत.

मी मानसशास्त्राची विद्यार्थिनी नाही. परंतु कोणताही व्यवहार समोर आला की त्यात पैसा कोण देतो, माल कोणता आणि जबाबदारी कोणाची, हे तीन प्रश्न आधी विचारावेत, अशी सवय आमच्या प्राध्यापकांनी आम्हा वाणिज्य शाखेच्या मुलांना लावली आहे. तेच तीन प्रश्न या लेखात पडद्यावरच्या मानसतज्ज्ञांना लावून पाहावयाचे आहेत.

पत्रोत्तरापासून सुरुवात

अमेरिकेत डॉ. जॉइस ब्रदर्स नावाच्या एक मानसशास्त्रज्ञ होऊन गेल्या. १९५५ साली दूरचित्रवाणीवरील एका प्रश्नमंजूषेत त्यांनी मुष्टियुद्ध हा विषय घेऊन ६४ हजार डॉलरचे सर्वोच्च बक्षीस जिंकले. बाईमाणसाने मुष्टियुद्धात असे प्रावीण्य दाखवावे याचे लोकांना मोठे नवल वाटले. या प्रसिद्धीच्या बळावर १९५८ साली न्यूयॉर्कमध्ये त्यांचा सल्ल्याचा कार्यक्रम सुरू झाला. संसारातील ज्या अडचणी तेव्हा घरातही बोलल्या जात नसत, त्या ब्रदर्सबाई पडद्यावरून समजावून सांगत. त्यांच्या काही व्यवसायबंधूंना हे रुचले नाही. ज्या व्यक्तीला आपण कधी पाहिले नाही, तपासले नाही, तिला जाहीर सल्ला कसा द्यावा, हा त्यांचा आक्षेप होता.

पुढे १९८१ साली अमेरिकन मानसशास्त्रीय संघटनेच्या सुधारित आचारसंहितेने वृत्तपत्रे, रेडिओ व दूरचित्रवाणी यांवरून वैयक्तिक सल्ला देताना अद्ययावत ज्ञान आणि उच्च दर्जाचा व्यावसायिक विवेक वापरावा, असे सांगितले. मात्र व्यक्तीचे निदान व उपचार हे व्यावसायिक नात्याच्या चौकटीतच व्हावेत, हेही त्याच संहितेने बजावले. सल्ला आणि उपचार यांतला हा फरक ध्यानात ठेवण्यासारखा आहे. पत्राला उत्तर देणाऱ्या सल्लागारापुढे पत्र असते, पत्र लिहिणाऱ्याचा चेहरा जगाला दिसत नाही. पुढच्या पिढीत मात्र तो चेहराच विक्रीला निघाला.

'डॉ. फिल' यांची कहाणी

या पुढच्या पिढीचे सर्वांत मोठे नाव म्हणजे फिलिप मॅकग्रॉ, अर्थात 'डॉ. फिल'. हे वैद्यकीय डॉक्टर नव्हेत. १९७९ साली त्यांनी क्लिनिकल सायकॉलॉजीत पीएच.डी. मिळवली आणि टेक्सास राज्यात व्यवसाय केला. १९८९ साली तेथील परवाना मंडळाने त्यांच्यावर ठपका ठेवला. पूर्वी उपचार घेतलेल्या एका व्यक्तीला त्यांनी आपल्याकडे कामाला ठेवले, हे त्यामागचे कारण. आपणास वाटेल, नोकरी देणे हा काय अपराध झाला? पण ज्याच्यापाशी आपण मन उघडे केले, तोच उद्या पगार देणारा मालक झाला तर त्याला मोकळेपणाने 'नाही' कसे म्हणावे? म्हणून एकाच माणसाशी दोन नाती ठेवू नयेत, हा या व्यवसायातला जुना दंडक आहे.

यानंतर मॅकग्रॉ यांनी चिकित्सा सोडून न्यायालयीन सल्लागाराचा धंदा काढला. ज्यूरीपुढे बाजू कशी मांडावी, हे पक्षकारांना व वकिलांना शिकविणे हे त्यांचे काम. १९९६ साली ओप्रा विन्फ्री यांच्या कार्यक्रमात 'मॅड काउ' रोगाची चर्चा झाली, तेव्हा टेक्सासच्या गुरे पाळणाऱ्या व्यावसायिकांनी त्यांच्यावर खटला भरला. १९९८ च्या आरंभी तो अमारिलो येथे चालला. ओप्राबाईंनी मॅकग्रॉ यांच्या संस्थेची मदत घेतली, खटला जिंकला आणि त्याच वर्षी त्यांना आपल्या कार्यक्रमात आणले. सप्टेंबर २००२ मध्ये त्यांचा स्वतंत्र कार्यक्रम सुरू झाला आणि २०२३ पर्यंत त्याचे २१ हंगाम झाले.

आता गंमत पाहा. हा कार्यक्रम कॅलिफोर्नियात तयार होत असे. तेथे व्यवसाय करण्यासाठी मॅकग्रॉ यांना परवाना लागतो काय, हा प्रश्न निघाला तेव्हा तेथील मानसशास्त्र मंडळाने २००२ साली ठरविले, की परवान्याची गरज नाही. कारण ते जे करतात ते मानसशास्त्र नसून करमणूक आहे. टेक्सासचा जुना परवानाही त्यांनी २००६ नंतर चालू ठेवला नाही. म्हणजे नावात 'डॉक्टर', समोर दुःखी माणूस, तोंडी निदानाची भाषा. आणि कायद्याच्या वहीत मात्र नोंद 'करमणूक' या सदराखाली. ज्या परवान्याच्या भीतीने सामान्य समुपदेशक जपून वागतो, ती भीतीच येथे उरली नाही.

आमच्याकडे असा हिशेब कोणी सादर केला तर लेखापरीक्षक पहिला प्रश्न विचारील: हे दुकान कसले?

गिऱ्हाईक कोण?

माझे काका रताळ्यांची पोती घेऊन मार्केट यार्डात जातात. तेथे अडत्या त्यांचा माल विकून देतो व आपली अडत घेतो. अडत्या शेतकऱ्याचा माणूस, त्याने शेतकऱ्याला चांगला भाव मिळवून द्यावा, ही व्यवहाराची नीती. तोच जर आतून खरेदीदाराकडून पैसे घेऊ लागला, तर तो तोंडाने कितीही गोड बोलला तरी काट्यावर शेतकऱ्याचेच वजन घटणार. करार कायद्यातील एजन्सीच्या प्रकरणात आपण हेच शिकतो: ज्याचे काम हाती घेतले त्याच्या हिताआड एजंटाने स्वतःचा गुप्त लाभ साधू नये.

समुपदेशकाच्या खोलीत समोर बसलेला माणूस हेच गिऱ्हाईक. फी तो देतो किंवा त्याच्या वतीने सरकार अथवा संस्था देते. बरे वाटणे हाच माल. पडद्यावर पाहुणा काहीच देत नाही. पैसे देतो जाहिरातदार, आणि तो पैसे देतो प्रेक्षकांच्या डोळ्यांसाठी. त्या डोळ्यांना खिळवून ठेवणारी वस्तू कोणती? पाहुण्याचे रडणे, नवराबायकोचे भांडण, मुलाचे व्यसन. म्हणजे ज्याला आपण रुग्ण समजत होतो तो या व्यवहारात कच्चा माल ठरतो. फोर्ब्स मासिकाच्या अंदाजानुसार २०१७ साली मॅकग्रॉ यांचे वर्षाचे उत्पन्न ७ कोटी ९० लाख डॉलर होते. २००३ साली त्यांच्या नावाने वजन घटविण्याची पेये, वड्या व गोळ्याही बाजारात आल्या. त्यांच्या दाव्यांविषयी सरकारी चौकशी झाली, २००४ मध्ये विक्री थांबली आणि गिऱ्हाइकांनी भरलेल्या दाव्यात २००६ साली १ कोटी ५ लाख डॉलरची तडजोड झाली. विश्वास हे भांडवल होते. ते कोठे गुंतवले गेले हे यावरून दिसते.

जानेवारी २००८ मध्ये गायिका ब्रिटनी स्पिअर्स मानसिक अस्वस्थतेमुळे रुग्णालयात होत्या. मॅकग्रॉ त्यांना भेटून आले आणि लगेच त्यांच्या प्रकृतीविषयी जाहीर वक्तव्य केले. कुटुंबाच्या वतीने हा विश्वासभंग असल्याचे सांगण्यात आले, आणि या विषयावर ठरलेला कार्यक्रमही रद्द करावा लागला. नोव्हेंबर २०१६ मध्ये 'द शायनिंग' या चित्रपटातील अभिनेत्री शेली ड्यूव्हाल यांना आजारी अवस्थेत, असंबद्ध बोलताना दाखविण्यात आले, तेव्हा अनेकांनी तीव्र निषेध केला. डिसेंबर २०१७ मध्ये 'स्टॅट' आणि 'बोस्टन ग्लोब' यांनी काही पाहुण्यांच्या तक्रारी प्रसिद्ध केल्या. व्यसनी पाहुण्यांना चित्रीकरणाच्या वेळी मद्य किंवा औषधे सहज मिळाली, असा त्यांचा आरोप होता. कार्यक्रमाच्या निर्मात्यांनी तो साफ नाकारला.

संमती दिली, मग तक्रार कसली?

येथे कोणी म्हणेल, पाहुणा स्वखुशीने येतो, कागदावर सही करतो. मग दोष कोणाला द्यायचा? हा युक्तिवाद आम्हा करार कायदा शिकणाऱ्यांना अपुरा वाटावा. भारतीय करार कायदा १८७२ सालचा. त्याचे १३ वे कलम म्हणते, की दोघांनी एकाच गोष्टीला, एकाच अर्थाने मान्यता दिली तर ती संमती. पाहुणा येतो उपचाराच्या आशेने. निर्माता करार करतो चित्रीकरणाचा. दोघांच्या मनात गोष्ट एकच आहे काय? त्याहून महत्त्वाचे १६ वे कलम, अनुचित प्रभावाचे. वय, आजार किंवा मानसिक वा शारीरिक क्लेश यांमुळे ज्याची मानसिक क्षमता तात्पुरती का होईना बिघडली आहे, त्याच्याशी करार करणारा हा त्याच्या इच्छेवर हुकमत चालविण्याच्या स्थितीत आहे, असे हे कलम मानते. हा कायदा अमेरिकेस लागू नाही, हे खरे. पण दीडशे वर्षांपूर्वीच्या कायदेकारांना जे कळले होते, ते आजच्या निर्मात्यांना कळत नसेल असे कसे मानावे? क्लेशात असलेला माणूस हाच तर त्यांच्या कार्यक्रमाचा आधार.

इंग्लंडचा धडा

इंग्लंडमध्ये आयटीव्ही वाहिनीवर २००५ पासून जेरेमी काइल यांचा कार्यक्रम चाले. काइल हे मानसतज्ज्ञ नव्हेत. पण पडद्यामागे मानसोपचारतज्ज्ञ होते, आणि पाहुण्यांना मदत मिळते ही कार्यक्रमाची बढाई होती. जोडीदाराने फसविले काय, याचा निकाल 'खोटे पकडणाऱ्या यंत्रा'ने लागे. हे यंत्र खोटे पकडत नाही. ते नाडी, रक्तदाब, श्वास आणि त्वचेवरील घाम यांतले बदल मोजते; आणि भरल्या सभागृहात अपमानाच्या भीतीने खऱ्या माणसालाही घाम फुटतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००३ च्या अहवालात या यंत्राच्या अचूकतेवर विसंबून राहू नये असाच निष्कर्ष दिला. आपल्याकडे तर सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली ठरविले, की संशयिताच्या इच्छेविरुद्ध ही चाचणी करता येणार नाही. जे साधन आरोपीवर बळजबरीने वापरू नये, त्याने संसाराचे निकाल लागत होते.

मे २०१९ मध्ये या चाचणीत 'नापास' ठरलेल्या एका पाहुण्याचा चित्रीकरणानंतर थोड्याच दिवसांत मृत्यू झाला. त्याने स्वतःचे जीवन संपविले होते. कार्यक्रम कायमचा बंद झाला. २०२४ साली कॉरोनरने, कार्यक्रम आणि मृत्यू यांत स्पष्ट कारणसंबंध सिद्ध होत नाही, असा निर्णय दिला. तेव्हा कोणा एकाला अपराधी ठरविणे योग्य नव्हे. परंतु प्रसारणाचे नियमन करणाऱ्या ऑफकॉम संस्थेने एप्रिल २०२१ पासून नवा नियम लागू केला: ज्या सहभागी व्यक्तीला गंभीर हानीचा धोका संभवतो, तिच्या हिताची योग्य काळजी वाहिनीने घेतलीच पाहिजे. पाहुणा हा माल नव्हे, हे लेखी मांडण्यास इतका काळ जावा लागला.

रागावल्याने व्यसन सुटते काय?

पडद्यावरच्या उपचाराचा प्राण म्हणजे जाहीर खरडपट्टी. 'आता तरी शुद्धीवर ये!' असे डॉक्टर गरजले की प्रेक्षक टाळ्या वाजवितात. प्रत्यक्षात काय घडते? विल्यम मिलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली अतिमद्यपान करणाऱ्यांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात आढळले, की समुपदेशक जितका आव्हान देऊन, खोडून काढून बोलला, तितके त्या व्यक्तीचे पिणे एक वर्षानंतर अधिक होते. एडवर्ड बॉर्डिन यांनी १९७९ साली उपचाराच्या नात्याची तीन अंगे सांगितली: ध्येयाविषयी एकमत, कामाविषयी एकमत आणि परस्परांतला जिव्हाळा. तिन्ही गोष्टींना वेळ लागतो. त्या शांतपणे वाढतात, आणि शांतपणा पाहायला प्रेक्षक बसत नाहीत. म्हणून खरा उपचार पडद्यावर 'चालत' नाही आणि जे पडद्यावर चालते त्याने उपचार होत नाही.

याचा परिणाम आपल्यापर्यंत कसा येतो, याचे एक उदाहरण देते. माझ्या ओळखीची एक मुलगी परीक्षेच्या काळात फार खचली होती. समुपदेशकाकडे जाऊया, असे मी सुचविले. ती म्हणाली, "नको गं. तिथंही असंच सगळं खोदून विचारतात, आणि वर रागावतात. मोबाईलवर पाहिलंय मी." समुपदेशकाला ती कधी भेटली नव्हती, तिने पाहिली होती ती करमणूक. आधीच 'हुच्च' या शब्दाची भीती, त्यात ही भर. ती पुढे गेली, पण दोन महिन्यांनी. ते दोन महिने फुकट गेले, याचे मला वाईट वाटते.

दुसरी बाजू

न्यायाने दुसरी बाजूही मांडली पाहिजे. मनाच्या आजारांविषयी उघड बोलले गेल्याने लाज कमी होते, हे खरेच आहे. पण त्यासाठी खऱ्या माणसाला उघडे पाडण्याची गरज नाही. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या 'देवराई' या २००४ च्या चित्रपटाने स्किझोफ्रेनिया मराठी घरांत समजावून दिला. त्यांच्याच 'कासव'ने नैराश्य दाखविले आणि २०१६ चे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक मिळविले. पडद्यावर रडणारा तो नट होता. चित्रीकरण संपल्यावर कोणा रुग्णाला गावात तोंड लपवून फिरावे लागले नाही.

आपल्या भाषांतील वाहिन्याही या वाटेने गेल्या आहेत. झी कन्नडवरील 'बदुकु जटका बंडी' आपल्यापैकी अनेकांच्या घरी पाहिला गेला. त्यात कौटुंबिक तंटे कॅमेऱ्यापुढे येत. तमिळमधील अशाच एका कार्यक्रमाच्या प्रसारणाला २०१८ साली मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने अंतरिम मनाई केली होती. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार मानसिक आरोग्य आस्थापनेत उपचार घेणाऱ्याचे छायाचित्र किंवा माहिती त्याच्या संमतीशिवाय माध्यमांना देता येत नाही. ही चांगली तरतूद आहे. पण जो कार्यक्रम स्वतःला करमणूक म्हणवितो, त्याच्या मंचावर बसलेल्या दुःखी माणसाला तिचा कितपत आधार मिळणार?

तेव्हा मित्रमैत्रिणींनो, मोबाईलवर एखादे 'डॉक्टर' दिसले तर त्यांचे ज्ञान तपासण्याआधी व्यवहार तपासावा. यांना पैसे कोण देते? यांची नोंदणी कोठे आहे आणि चूक झाल्यास तक्रार कोणाकडे करावयाची? समोरच्या माणसाला मध्येच उठून जाता येते काय, आणि तो गेल्यावर त्याचे गुपित कोणाकडे राहते? या प्रश्नांची उत्तरे मिळाली नाहीत, तर ते चलचित्र खुशाल पाहावे. त्यावरून आपले किंवा दुसऱ्याचे निदान मात्र करू नये.

आणि खरोखर गरज असेल तर वाट जवळच आहे. धारवाडला मानसिक आरोग्याची मोठी सरकारी संस्था आहे. केंद्र सरकारची 'टेलि-मानस' ही दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तिची मध्यवर्ती संस्था बंगळूरची निम्हान्स. १४४१६ हा क्रमांक फिरविला की मराठीतही बोलता येते आणि कन्नडमध्येही, पैसे पडत नाहीत. आमच्या विभागाच्या सूचनाफलकावर हा क्रमांक लावावा, अशी विनंती मी प्राध्यापकांना केली आहे. इतर विभागांनीही तसे करावे.